माशांना तारीख देणारे पेशकारसाहेब

गळ टाकून बसणाऱ्या माणसाच्या दीर्घायुष्यासाठी माशांनीच दुवा मागावी, असा माणूस जगात एकच झाला असेल आणि तो भूममध्ये आमच्या समोरच्या घरात राहत होता. निजामाच्या अमदानीत कोर्टात न्यायाधीशांपुढे कागद ठेवण्यात पेशकारसाहेबांची उमर गेली. राज्य गेलं, कचेरीतली उर्दू जाऊन मराठी आली आणि साहेब पेन्शन घेऊन नदीच्या डोहावर बसू लागले. अंगात शेरवानी, डोक्यावर रुमी टोपी, अशा थाटात गळाला गांडूळ लावणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मासा लागला की ओल्या हातावर घेऊन ते त्याला चष्म्यातून निरखत. लहान असला तर "नाबालिग" म्हणून सोडत. पोटात अंडी दिसली तर "जा बाई, तारीख वाढवली," म्हणत अलगद पाण्यात ठेवत. मरळ आपल्या पिलांचा घोळका घेऊन फिरताना दिसली की त्या दिवशी गळच गुंडाळत. उरलेल्या धडधाकट माशांनाही पुराव्याअभावी सोडून देण्याकडेच त्यांचा कल असे. त्यांच्या बीबींनी मसाला वाटून ठेवणं केव्हाच सोडलं होतं. "ह्यांच्या भरवशावर ऱ्हायलं तर मांजर बी उपाशी मरंल," असं त्या माझ्या आईला सांगत आणि बाजारच्या दिवशी सुकट आणत. साहेब ती मिटक्या मारत खात.

एका उन्हाळ्यात नदी आटली आणि होते नव्हते ते सगळे मासे त्या डोहात कोंडले गेले. भर दुपारी साहेब धापा टाकत आमच्या दारात आले. "चला लवकर! पोरं दारू घेऊन डोहाकडं गेली!"

"पिऊ द्या की साहेब. तुम्हाला काय त्याचं?"

"अहो, तेरखेड्याच्या फटाक्यांची दारू! ती पीत न्हाईत, उडवतात!"

आम्ही पोचलो तेव्हा चार-पाच तरणी पोरं डब्यात दारू ठासून वात लावत होती. साहेब शेरवानीसकट पाण्यात शिरले आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभे राहिले. "आता उडवा! अंड्यापिलांसकट सगळं मरंल. मग नदी आल्यावर तिच्यात काय सोडायचं, बेडकं?"

पोरं वरमली. त्यांतला एक मात्र शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमी नुसती गंमत म्हणून त्यांच्या तोंडात काटा घालता. आमी निदान खातो तरी."

जन्मभर वकिलांचे युक्तिवाद ऐकलेल्या साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ते म्हणाले, "बात खरी हाय तुझी." पोरांनी डबा उचलला आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा डोहावर. मी जवळ जाऊन बघतो तर दोऱ्याला गळच नाही, नुसती कणकेची गोळी बांधलेली. मासे येत, गोळी खाऊन जात. मी थट्टेनं विचारलं, "साहेब, हे कसलं मासे धरणं?"

"राखण म्हणा. इथं कुणी बसलेलं न्हाय दिसलं तर पोरं परत येतील." मग हळूच म्हणाले, "पण खरं सांगू? मासा लागला की हाताला झटका बसायचा ना, त्याची लई याद येते हो."

पावसाळ्यात नदी आली आणि मासे कुठल्या कुठं पांगले. साहेबांनी पुन्हा गळ लावला नाही. पुढंही दर उन्हाळ्यात ते तसेच बसत. पाण्यात कुठं बुडबुडा उठला की त्यांचा हात आपोआप थोडासा वर जाई, आणि ते तो दुसऱ्या हातानं धरून खाली ठेवत. मला ते बघवत नसे.