आर्लो ग्रिमस्टॅड नेमका कुणाच्या बाजूने

आर्लो ग्रिमस्टॅडने अडतीस वर्षं ड्रेक्सबर्गच्या धान्य-कोठारावर वजनकाटा सांभाळला. मक्याचा ट्रक काट्यावर चढताना टायर किती दबले एवढं बघून तो वजन सांगायचा, आणि मग काटा त्याच्याशी सहमत व्हायचा. अशा माणसाला एका उन्हाळ्यात, एकसष्टाव्या वर्षी, आपलं मन कुठल्या पारड्यात आहे हे कळेनासं झालं. ते मी एक खुर्ची सोडून बसून पाहिलं. मैदानावर तिसऱ्या रांगेत आमच्या जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या: कडेला आर्लो, मग त्याची बायको वर्ना, मग मी, मग पास्टर एंगेब्रेट्सन.

ड्रेक्सबर्ग फेरीमेन हा आमचा बेसबॉलचा संघ. आमचा म्हणजे मैदान आमचं, डास आमचे, हरणं आमचं. खेळाडू मात्र वरच्यांचे. वरचे म्हणजे मोठ्या शहरातला मोठा संघ, जो टीव्हीवर दिसतो. अढीत आंबे घालावेत तसे ते आपले खेळाडू आमच्यासारख्या गावांत घालून ठेवतात. अधूनमधून कुणीतरी येऊन चाचपून बघतो. पिकला की उचलला. न पिकलेले आम्हाला राहतात.

आर्लो नऊ वर्षांचा असल्यापासून या संघामागे होता. फेरीमेननी विजेतेपद एकदाच मिळवलं, १९५८ साली. १९७१ मध्ये अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी वरच्यांनी आमचा सगळ्यात चपळ क्षेत्ररक्षक, शॉर्टस्टॉप, नेला. १९८३ मध्ये चेंडू टाकणारे दोन पिचर एकाच गाडीतून नेले आणि आम्ही अकरा-शून्य हरलो. पुढे वरचे बदलले. आमचा करार दुसऱ्याच मोठ्या संघाशी झाला. आर्लोने शिव्या त्याच ठेवल्या, फक्त पत्ता बदलला.

तरी खेळाडूंना घरी ठेवून घेणाऱ्यांत पहिला तोच. आमच्याकडे ती रीतच होती. वरच्यांचा पगार असा, की पोरांनी भाडं भरलं तर जेवायचं राहील. म्हणून गावातली घरं उन्हाळाभर एकेकाला तळघरात जागा आणि ताटाला जागा देत. वर्ना म्हणायची, "आधी खाऊ घालून घालून धष्टपुष्ट करतोस, आणि मग तो चांगला खेळला म्हणून रडत बसतोस."

१९९७ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे डेसिडेरिओ पाउलिनो होता, सगळ्यांचा डेसी. डॉमिनिकन, डावखुरा पिचर, वय पंचवीस. आमच्या दर्जाच्या संघात पंचविशी म्हणजे पेन्शनीचं वय. सात वर्षं तो अशाच गावांतून फिरत होता आणि प्रत्येक गावातून एकेक सवय उचलत होता. वर्नाने दुकानात तळायची हिरवी केळी मिळेनात म्हणून साधीच केळी तळून वाढली, तेव्हा त्याने दोनदा मागून घेतली आणि म्हणाला, "वेगळीच आहेत." आमच्या भागात हीच तक्रार असते आणि हीच स्तुती.

त्या वर्षी फेरीमेन अंतिम फेरीत पोहोचले. सामना गुरुवारी. त्याआधी शनिवारी दुपारी साखळीतला शेवटचा, बिनमहत्त्वाचा सामना, पिचर डेसी. पाच दिवसांनी, म्हणजे बरोबर गुरुवारी, त्याची पाळी पुन्हा येणार होती. फक्त एकच भानगड होती: वरच्यांचे दोन डावखुरे पिचर जायबंदी झाले होते, आणि शनिवारी त्यांचा माणूस चेंडूचा वेग मोजायची बंदूक घेऊन येणार होता.

शनिवारी न्याहारीला डेसी म्हणाला, "मिस्टर ग्रिमस्टॅड, आज माझ्यासाठी प्रार्थना कराल ना?"

"करतो की," आर्लो म्हणाला.

डेसी तळघरात गेल्यावर त्याने वर्नाला विचारलं, "मी नेमकं मागायचं काय?"

"पोरगा वर जावा, हे."

"मग गुरुवारी टाकणार कोण?"

"आर्लो, तो सात वर्षं वाट बघतोय."

"मी एकोणचाळीस."

वर्नाने त्याच्यापुढची कॉफी उचलून नेली. आर्लोने प्रार्थना केली, पण त्याच्याच सांगण्यानुसार ती इतकी मोघम झाली की देवाला वाटलं असेल, चुकून फोन लागला.

सामना सुरू झाला. पहिले तीन डाव आम्ही मक्याच्या भावाबद्दल बोललो. चौथ्यात जरा कमी बोललो. सहावा संपला तेव्हा तिसऱ्या रांगेत कुणी बोलत नव्हतं, कारण समोरच्यांच्या एकाही फलंदाजाला डेसीच्या चेंडूवर हिट, म्हणजे बेस गाठता येईल असा फटका, मिळाली नव्हती. नऊच्या नऊ डाव असं घडलं तर त्याला एक नाव आहे. ते घडत असताना उच्चारायचं नाही. उच्चारलं की मोडतं. हे शाळेत शिकवत नाहीत, शिकवावं लागत नाही. डेसी बाकावर एकटा बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार हात जागा मोकळी, जणू त्याला गोवर निघालाय. पास्टरनी सातव्या डावात हॉट डॉग अर्धा खाऊन तसाच धरून ठेवला, कारण तो हातात असताना सगळं ठीक चाललं होतं.

पांढऱ्या टोपीतला बंदूकवाला मात्र भराभर लिहीत होता.

आठव्या डावात आर्लो चुळबुळू लागला. मी समजलो, पाठ दुखत असेल. वर्नाला जास्त कळत होतं.

"आर्लो. तोंड मीट."

"मी कुठे काय बोललो?"

"उघडलंयस."

डेसीने चेंडू हातात फिरवला. पकडणाऱ्याने खूण केली. आणि चौदाशे माणसांच्या त्या शांततेत आर्लो ग्रिमस्टॅड, पन्नासेक वर्षांचा निष्ठावंत, स्पष्ट आवाजात म्हणाला, "नो-हिटर."

पुढच्या दोन रांगा एकदम वळल्या. पास्टर एंगेब्रेट्सन यांनी घटस्फोट, दिवाळखोरी आणि एक जाळपोळ शांतपणे ऐकून घेतलेली. पण त्यांचा चेहरा पडला. "आर्लो," ते म्हणाले, "का रे बाबा?"

पुढचाच चेंडू फलंदाजाने कसाबसा टोलवला. फटक्यात जीव नव्हता. चेंडू सेकंड बेसवाल्याच्या डोक्यावरून गेला आणि गवतात मऊ पडला. हिट. सगळ्या मैदानाने सुस्कारा सोडला. डेसीने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

आम्ही सामना जिंकलो. आर्लोशी कुणी बोललं नाही. वर्ना गाडीत मागच्या सीटवर बसली.

ते घरी पोहोचेपर्यंत फोन येऊन गेला होता. वरच्यांनी डेसीला बोलावलं होतं, दुसऱ्या सकाळचं विमान. बंदूकवाल्याने पाचव्या डावातच नाव कळवलं होतं म्हणे. हिट पडली की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

म्हणजे आर्लोने एका शब्दात पोराचा नो-हिटर घालवला आणि गुरुवारचा पिचरही राखला नाही.

रविवारी विमानतळावर सोडायला तोच गेला. त्या दीड तासातलं संभाषण त्याने मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, त्यामुळे क्रम माझा. दोन गावं मागे पडल्यावर तो म्हणाला, "काल ते मी बोललो. मोठ्याने."

डेसी खिडकीबाहेर मका बघत राहिला. बराच मका झाल्यावर म्हणाला, "तुम्ही?"

"हो."

"सगळे म्हणत होते कुणीतरी बोललं. मला वाटलं, कुणीतरी दारू प्यायलेला असेल."

"मी प्यायलो नव्हतो."

"का बोललात?"

"गुरुवारपर्यंत राहशील म्हणून."

"मी राहावं म्हणून, की संघ जिंकावा म्हणून?"

आर्लोने मला सांगितलं, की इथे त्याने एक ट्रक उगाचच ओलांडला. मग म्हणाला, "पोरा, मला सांगता येत नाही. रात्रभर बघितलं मी."

डेसी रागावला का, ते आर्लोला कळलं नाही. उतरताना त्याने हात मिळवला, बॅग खांद्याला अडकवली आणि म्हणाला, "सात वर्षांत सगळ्यांनी मला वर जा म्हणून सांगितलं. राहा म्हणून कुणीच काही केलं नव्हतं. पण पुढच्या वेळी, मिस्टर ग्रिमस्टॅड, गप्प बसा."

ही क्षमा होती की धमकी, यावर आर्लो आणि वर्ना यांचं आजही एकमत नाही.

गुरुवारी मैदान भरलं होतं. आर्लो आला, मान खाली घालून बसला. कानात रेडिओची तार होती. मी समजलो, आमच्याच सामन्याचं वर्णन ऐकतोय, पुष्कळजण ऐकतात. पाचव्या डावात फेरीमेन दोन धावांनी पुढे होते. सातव्यात डेसीच्या जागी आलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराने लागोपाठ चार हिट दिल्या. तीन जण सगळे बेस फिरून होमला पोहोचले, तीन धावा. आमची आघाडी गेली. चौदाशे माणसं डोकं धरून बसली.

आणि आर्लो उठून उभा राहिला, दोन्ही मुठी वर करून ओरडला, "शाब्बास! बसव त्याला!"

वर्नाने कोटाला धरून त्याला खाली खेचलं. "वेडा झालायस का? आपण हरतोय!"

"डेसीने तिघांना काढलं," आर्लो म्हणाला. डोळे भरलेले. "ओळीने तिघांना. वरच्यांसाठी."

"त्या वरच्यांना तू शिव्या देतोस ना?"

"देतो की."

"मग?"

आर्लोने समोर बघितलं. आमचा पिचर बदलत होता, नवा माणूस रमतगमत मैदानात येत होता. त्याच्यासाठी आर्लोने टाळ्या वाजवल्या. लगेच कानातली तार नीट केली.

"पास्टर," तो वाकून म्हणाला, "दोघांसाठी एकदम मागितलं तर चालतं का?"

पास्टरनी विचार केला. "नियम नाही असा," ते म्हणाले. "पण आज तू नको मागूस."