खात्याच्या गोठ्यातला जावई

परवाच्या उपासनेत नव्या उपदेशकांनी तरुण पोरापोरींना धीराचा धडा दिला, आणि उदाहरण कुणाचं? आमच्या वाहरूचं! "आपले वाहरूबाबा बघा. देवाची वेळ येईपर्यंत तीन वर्षं थांबले." वाहरू पुरुषांच्या बाजूला बसून मान डोलावत होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अहो, थांबला तो, पण झिजलं कोण? ते कुणी विचारतं का? म्हणून आता मीच सांगते, आणि मध्ये कुणी 'आमेन' म्हणायचं नाही.

मी गजरी, चिंचपाड्याजवळच्या एका पाड्यावरची. खात्या हे माझ्या बापाचं नाव. वाहरूला ना आईबाप, ना गुरं. आमच्यात मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला देज द्यायचं असतं. ज्याच्याकडे द्यायला काही नाही तो खंधाड्या होतो, म्हणजे घरजावई. काही वर्षं सासऱ्याच्या शेतात राबतो आणि देज फेडतो. पण तो घरात आला त्या दिवसापासून पोरगी त्याची बायको. मांडव, नाच, जेवण हे सगळं पुढं सवडीनं. माझ्या मावशीचं लग्न लागलं तेव्हा तिचा थोरला मुलगा मांडवात ढोल वाजवत होता.

वाहरू आला त्या दिवशी आईनं कोंबडं कापलं होतं. त्या उन्हाळ्यातच आम्हा दोघांचा नदीवर बाप्तिस्मा झाला होता. बाप मात्र जुन्या देवांचाच. वाहरू पोटभर जेवला, हात धुतला आणि बापाला म्हणाला, "मी गोठ्यात झोपतो."

"का रे? घराला काय झालं?"

"आधी लग्न, मग संसार. देवाचा क्रम तसा आहे. साहेब आले की लग्न लावतील."

बाप आईकडे बघायला लागला, आई माझ्याकडे. मला खरं सांगायचं तर त्या दिवशी अभिमान वाटला. म्हटलं, पाऊस संपला की साहेब फिरतीवर येतातच, दोन-चार महिने काय, असे जातील.

कसले जातात! साहेब म्हणजे मिशनचे गोरे पाद्री. ख्रिस्ती लग्न लावायचा हक्क फक्त त्यांना, हे आमच्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पहिल्या वर्षी साहेबांना ताप आला. दुसऱ्या वर्षी ते सुट्टीवर आपल्या देशाला गेले. आणि तिकडं ती मोठी लढाई पेटली, म्हणे बोटीच बंद. आता या म्हातारपणी पुन्हा लढाई चालू आहे, पण मला मेली ती पहिलीच लढाई आठवते. कुठले राजे, कुठल्या तोफा, आणि लग्न अडलं कुणाचं, तर खात्याच्या गजरीचं!

वाहरू मात्र मजेत. भात लावायचा, लाकडं फोडायचा, संध्याकाळी गोठ्याच्या दारात बसून गाणी म्हणायचा. भाकरी मी नेऊन द्यायची. ठेवायची आणि मागं फिरायचं. नदीवर बायका मला बघून एकमेकींना कोपरं मारायच्या. एकदा शेजारची पार्वतीबाई तोंडावर म्हणाली, "काय गं, नवरा गायीजवळ झोपतो, तुझ्याजवळ नाही. तुझ्यात काही खोट आहे का?" मी कपडे तसेच ओले उचलून घरी आले आणि चुलीपाशी बसून रडले. संताप एवढा, की चुलीतलं लाकूड उचलून गोठ्यावर फेकावं. त्याच्यावर माझा जीव होता, हीच तर पंचाईत!

तिसऱ्या वर्षी बापाचाही धीर सुटला. "माझी पोरगी ना कुमारी, ना सवाष्ण. ते काही नाही. होळीपर्यंत तुझा साहेब आला तर आला, नाहीतर गजरी फुलसिंगला." फुलसिंग म्हणजे रंगावली नदीकाठचा, बायको वारलेला, दोन बैलजोड्यांचा धनी. त्याची माणसं होळीच्या दिवशी मोहाची दारू घेऊन येणार होती. दोन्हीकडच्यांनी एकत्र बसून ती प्यायली की सोयरीक पक्की, मग माघार नाही.

मी गोठ्यात गेले. हा दावं वळत बसलेला.

"वाहरू, आता तरी काहीतरी कर."

"करतोय ना. रोज प्रार्थना करतोय."

"आणि?"

"आणि काय? देवाला घाई करायची नसते, गजरे."

"अरे, कुणाला विचारलंस? मिशनात गेलास? निरोप धाडलास?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याला चोरी करायला सांगत होते. म्हणाला, "माणसांच्या मागं धावलो तर विश्वास कसला राहिला?"

मी कपाळावर हात मारला. होळीच्या दिवशी उजाडताच घरात कुणाला काही न सांगता निघाले आणि नवापूरची वाट धरली. पायात काही नाही. वाट सगळी खडीची, फाल्गुनातलं ऊन. वाटभर मी देवाशी भांडत होते. म्हटलं, तुझा क्रम तुला ठाऊक, पण त्यात माझं नाव कुठं आहे का, की फक्त वाहरूचंच आहे?

नवापूरला मिशनच्या घरासमोर एक काळेसावळे पाळक, म्हणजे देशी पाद्री, झाडांना पाणी घालत होते. मी हमसत हमसत सगळं सांगितलं आणि विचारलं, "साहेबांची बोट कधी येणार?"

ते म्हणाले, "बाई, साहेब कशाला हवेत? लग्न लावायचा परवाना मला आहे. दोन वर्षं झाली. कुणी बोलावलंच नाही तुमच्याकडून."

दोन वर्षं! मी तिथंच धुळीत बसकण मारली. पाळक म्हणाले, "उद्या येतो." म्हटलं, "आज. आत्ता." माझं तोंड बघून त्यांनी गाडी जुंपायला सांगितली.

आम्ही पाड्यावर पोचलो तेव्हा फुलसिंगची माणसं आंब्याखाली बसली होती. मडकी समोर होती, पण अजून तोंडं बांधलेली. वाहरू गोठ्याच्या दारात उभा, चेहरा पांढरा पडलेला. गाडीतून पाळक उतरलेले बघून उजळला आणि हात वर करून ओरडला, "बघ गजरे! देवाची वेळ!"

माझं टाळकंच सरकलं. सगळ्यांसमोर पाय पुढं केला. "देवाची वेळ? ह्या टाचा बघ! फुटल्यात!"

लोक हसले. वाहरू हसला नाही. तांब्या घेऊन आला, खाली बसला आणि साऱ्या पाड्यादेखत माझे पाय धुवायला लागला. आमच्यात असं कधी कुणी केलं नव्हतं. हळूच म्हणाला, "मी रोज मागत होतो, देवा, कुणाला तरी पाठव. तूच निघशील असं मनातच आलं नाही."

तिथं तरी मी गप्प बसावं ना? पण तीन वर्षांचं सगळं एकदम वर आलं. रडत रडतच मी ओरडले, "मेल्या, देवाला रोज सांगत होतास ते एकदा मला सांगितलं असतंस, तर मी दुसऱ्याच दिवशी गेले असते!"

फुलसिंगची माणसं मडकी उचलून उठली. पाळक विचारत होते, "या पुरुषाचा नवरा म्हणून स्वीकार करतेस का?" आणि मी त्या पुरुषाला फाडफाड बोलतच होते.

शेवटी बाप खेकसला, "अगं, आधी हो म्हण! मग भांड!"

मी हो म्हटलं. भांडण अजून चालू आहे.