दुसऱ्या ब्रेकवरून पाय काढणारे मास्तर

पहिल्याच भेटीत मास्तरांनी मला मृत्यूच्या दारापर्यंत नेलं आणि बेलही वाजवायला लावली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. त्याच्याच भरवशावर मी या उतरत्या वयात स्टिअरिंगला हात लावला होता. चौक आला. समोर भिंत, मागे ट्रक आणि ट्रकच्या मागे बहुधा सबंध मानवजात हॉर्न वाजवत होती.

"मास्तर, डावीकडे की उजवीकडे?"

"तुम्ही ठरवा," म्हणत त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला आणि चक्क सीटवर मांडी घातली.

मी देवाचं नाव घेऊन डावीकडे वळलो.

"न ठरवता थांबला असतात, तरी तीही निवडच होती," मास्तर म्हणाले. "फक्त जरा चपटी झाली असती."

सगळे त्यांना ठरवामास्तर म्हणत. तरुणपणी रद्दीच्या दुकानात त्यांना अस्तित्ववादावरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. सुरुवातीची पानं गायब होती, त्यामुळे ते थेट मुद्द्यावरच आले. पुढे ग्रंथालयातली त्या विषयाची सगळी पुस्तकं त्यांनी वाचून आणि पेन्सिलीने रंगवून खराब केली. दर रविवारी स्कूलच्या मागच्या खोलीत आमचा वर्ग भरे. टेबलावर कापून उघडा केलेला गिअरबॉक्स असे.

"हा कशासाठी आहे ते बनवणाऱ्याला आधीच ठाऊक होतं. तुम्ही कशासाठी आहात ते तुमच्या आईलाही ठाऊक नव्हतं. ते आपल्या करणीने आपणच ठरवत जायचं."

स्कूल मात्र वहिनींचं, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं. माहेरून आलेलं. एकदा चहाचे कप आपटत त्या म्हणाल्या, "या बॅचमधलं एक जरी कुणी टेस्टमध्ये नापास झालं, तर हा रविवारचा वर्ग बंद. लोक लायसनसाठी येतात, मोक्षासाठी नाही."

"अस्तित्ववादात मोक्ष नसतो गं."

"मग तर लायसन हवंच."

मास्तरांनी हसत शर्त मान्य केली.

मीसुद्धा पास झालो, म्हणजे बघा. शेवटी उरल्या निवृत्त सिस्टरबाई, वर्गातल्या सगळ्यात मन लावून ऐकणाऱ्या. टेस्ट घेणारे साहेब मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "डावीकडे घ्या." डावीकडे प्रवेशबंदीची ठसठशीत पाटी होती. बाई सरळ गेल्या.

"मी डावीकडे म्हटलं होतं."

"ऐकलं. पण पाटी मला दिसतेय आणि स्टिअरिंग माझ्या हातात आहे. उद्या साहेबांनी सांगितलं होतं म्हणून मी सुटणार नाही."

साहेबांनी नापासचा शेरा मारला.

"वहिनींना मी सांगते, चूक त्या साहेबांची होती," बाई परत आल्यावर म्हणाल्या.

"मुळीच नको." नातू डॉक्टर झाल्यासारखा मास्तरांचा चेहरा फुलला होता. "चूक कुणाची, असं शर्तीत काही नव्हतं. आणि शर्त मी माझ्या मर्जीने मान्य केली होती. आता सबबी सांगायच्या, तर मग इतके दिवस तुम्हाला शिकवलं काय?"

वहिनींच्या कानावर ते गेलंच. "तसं पाहिलं तर बाई बरोबरच होत्या," त्या पुटपुटल्या. तोवर मास्तर खुर्च्या एकावर एक रचत होते.

सिस्टरबाई पुढच्या खेपेला पास झाल्या. वर्ग पुन्हा भरला नाही. मागच्या खोलीत आता जुने टायर ठेवतात.