जर्मनची थाळी

माझ्या धाकट्या काकाला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. तो गेला त्या दिवशीही नाही.

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास आम्ही बोरिवलीला राहायचो. घरी एक तांबडा कुत्रा होता. नाव वगैरे काही नाही. 'यू यू' केलं की धावत यायचा आणि जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, एका पोचे आलेल्या थाळीत माझ्या हातची भाकरी खायचा. गुरगुरायचा फक्त काकावर. एकदा त्याने काकाची नवी विजार फाडली. फाडली तर फाडली! काका उठता-बसता त्याला लाथा घालायचा, ते कोण बघणार?

काकाचं लग्न ठरत होतं. मुलीकडची माणसं घर बघायला यायची होती. त्याच्या आधीच्या रविवारी काका म्हणाला, "चल गं, नॅशनल पार्कात जाऊ. कुत्र्यालाही घे." मी हुरळले. पार्क नवंच झालं होतं, आम्ही त्याला अजून जंगलच म्हणायचो. वाटभर कुत्रा पुढे पळायचा आणि मी येतेय ना, म्हणून वळून बघायचा. कान्हेरीच्या पायथ्याशी काका म्हणाला, "तू वर लेणी बघून ये, मी याला धरून बसतो." खाली आले तर काका एकटाच.

"सशामागे पळाला. येईल घरी."

घसा बसेपर्यंत मी 'यू यू' करत राहिले. शेवटी काकाने दंडाला धरून मला घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी मी रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा आई माझ्याबरोबर जंगलात आली. पायथ्यापासून थोडं आत, एका झाडाला दोर बांधलेला होता. आमच्याच विहिरीचा जुना दोर. हाताला काचू नये म्हणून आईने गुंडाळलेली हिरव्या लुगड्याची चिंधी अजून त्यावर होती. टोकाला तुटका पट्टा, आणि मातीत सुकलेलं रक्त. तिथे बिबट्या फिरतो, हे बोरिवलीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"मेल्याने बांधून ठेवला गं," आई म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "घरी बोलू नकोस. लग्न मोडेल."

मी बोलले नाही. रविवारपर्यंत.

रविवारी मुलीचे वडील आणि आत्या आले. पोहे द्यायचं काम माझ्याकडे होतं. पाहुण्यांना चिनी मातीच्या बशा दिल्या. काकासमोर कुत्र्याची थाळी ठेवली, पोह्यांवर छान खोबरं-कोथिंबीर पेरून. काका पांढराफटक पडला.

"अगं, नवऱ्या मुलाला ही कसली थाळी?" आत्याबाईंनी विचारलं.

"आमच्या कुत्र्याची. काकाला नकोसा झाला, म्हणून त्याने त्याला जंगलात झाडाला बांधून बिबट्याला घातलं. आता थाळी रिकामीच असते."

आत्याबाईंनी बशी खाली ठेवली. लग्न मोडलं. माझ्या वडिलांनी मला फोडून काढलं, आणि खरं सांगते, मार खाताना मला गार गार वाटत होतं.

पुढे काकाचं लग्न दुसरीकडे झालं. माझ्या लग्नात त्याने अक्षता टाकल्या. नंतर सणावाराला माझ्याकडे जेवायलाही यायचा. मी आग्रह करकरून वाढायची. पंगतीत सगळ्यांना स्टीलची ताटं, आणि काकाला तीच थाळी. ती मी माहेरून मागून आणली होती. म्हातारा झाला तरी त्याने एकदाही दुसरं ताट मागितलं नाही.