उष्टा धोटा

"देव न्हाय. बरं. मग आता?" असं म्हणून ते दोन्ही तळहात उताणे धरायचे आणि उत्तराची वाट बघत बसायचे. वाद जिंकून गप्प होणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. ते मात्र मान्य करून गप्प व्हायचे.

सोलापुरात आम्हा अस्पृश्यांच्या वस्तीत मी शाळामास्तर, ते माझे शेजारी. गिरणीच्या कताईखात्यात कापसाच्या धुळीने त्यांची छाती खराब झाली होती. माग चालवायची हौस फार. पण विणकामखात्यात आम्हाला मज्जाव. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून भोकातून बाहेर काढावं लागतं. आमच्या ओठांना लागलेला धोटा दुसरा कोण तोंडाला लावणार?

विणकामखात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, त्यांचा दोस्त. वरच्या जातीचा, पण पक्का नास्तिक. आमच्या ओट्यावर उघड चहा प्यायचा.

"देव, आत्मा समदं झूट," जॉबर म्हणे. "मानूस म्हंजी हाडं न् मास."

"आन् हाडामासाला मान कोन देनार?"

"मान कुटं असतो? दाखीव की!"

माझ्याकडचं बुद्धाचं चरित्र ते अक्षर लावून वाचत. "मास्तर, हितं बी देव न्हाय," एकदा म्हणाले. "पर देवाच्या जागी मानसाचं दुःख मांडलंय. जॉबरनं जागा रिकामीच ठेवली."

एकदा विणकर कमी पडले. जॉबरने हिंमत करून त्यांना मागावर उभं केलं. दुपारपर्यंत माग सुरेख चालला. मग खोकल्याची उबळ आली, ते बाजूला झाले आणि जॉबर मागावर आला. तेवढ्यात कांडी संपली. त्याने नवी घातली, धोटा तोंडाशी नेला, थांबला. धोतराच्या सोग्याने तो नीट पुसला आणि मग ओठांना लावला.

"पुसलास व्हय?"

"सवय रं, गड्या. मनात काय न्हाय."

"देव न्हाय. बरं. मग आता?"

जॉबरने धोटा बसवला आणि माग सुरू केला.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून कताईत परत गेले. मी रागावलो, तर म्हणाले, "त्यो वाईट न्हाय, मास्तर. त्याच्या मनातनं देव गेला, माजी थुकी न्हाय गेली."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. जॉबर रोज येऊन उशाशी बसे. शेवटच्या दिवशी त्याने त्यांच्या तोंडात पाणी घातलं. ते आत गेलं नाही. रक्ताबरोबर ओघळून आलं. जॉबरने सोग्याने त्यांचे ओठ पुसले.

मग साऱ्या वस्तीदेखत तोच ओला सोगा तोंडात कोंबून तो रडू लागला.