उपदेश न करण्याचं शिक्षण

समुपदेशन या शब्दात उपदेश आहे, हे आमच्या सरांना फार खुपायचं. पहिल्याच तासाला त्यांनी तो शब्द फळ्यावर मोठा लिहिला आणि मधला उपदेश डस्टरने पुसून टाकला. समुपदेशक उपदेश करत नाही, सल्ला देत नाही, कुणाची बाजू घेत नाही, असं ते म्हणाले. फळ्यावर अलीकडे 'स' आणि पलीकडे 'न' तेवढे राहिले. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "मग उरलं काय?" आम्ही हसलो. सर पुण्याहून इथे रत्नागिरीला आलेले, त्यांना असल्या बारीक खवचटपणाची अजून सवय व्हायची होती.

मी शाळेतली नोकरी सोडून या अभ्यासक्रमाला बसले होते. इतकी वर्षं मुलांना गप्प बसवण्यात गेली, आता माणसांना बोलतं करायचं शिकू, असा विचार होता. घरात त्याचं कौतुक बेताचंच. आत्या म्हणाली, "फुकटचा उपदेश करायला आपल्या आळीत एवढी माणसं असताना त्याची पदवी कशाला हवी?"

"उपदेश करायचा नाही, हे शिकवतात तिथे," मी म्हटलं.

"मग ते तुला ह्या जन्मी जमायचं नाही."

पण मला जमलं. त्यातही जे सगळ्यात अवघड म्हणतात तेच जमलं. समोरचा माणूस बोलायचा थांबला की आपण लगेच बोलून ती जागा भरायची नाही. थांबायचं. सर त्याला 'शांतता धरणं' म्हणायचे. वर्गात आम्ही दोघादोघांच्या जोड्या करून त्याचा सराव करायचो, आणि बाकीच्यांची तारांबळ उडायची. आमच्याकडे माणूस गप्प बसला म्हणजे एक तर त्याला ताप आहे, नाही तर तो नुकताच भावावर दावा लावून आलाय, असंच समजतात. कुणी खोकायचं, कुणी "बाकी काय?" म्हणायचं. मी मात्र चेहरा मऊ ठेवून, हात मांडीवर ठेवून बसून राहू शकत असे. सर इतरांना सांगायचे, हिच्याकडे बघा. मला त्याचा अभिमान वाटायचा. फार वाटायचा.

दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकासाठी मला एका संस्थेच्या केंद्रात पाठवलं. एसटी स्टँडपासून जवळ, खाली झेरॉक्सचं दुकान, वर आमची खोली. दोन खुर्च्या, एक टेबल, टेबलावर रुमालाऐवजी टिश्यूचा डबा. तो डबा बघून बायका विचारायच्या, सर्दीचं औषध पण देता का इथे. येणारी माणसं एकदा यायची आणि परत यायची नाहीत. त्यांना मी काहीच सांगितलेलं नसायचं, मग परत कशाला येतील?

ती मात्र दोनदा आली.

हातखंब्याच्या आतल्या बाजूचं एक गाव तिचं माहेर. वय तिशीच्या आसपास, अंगावर चांगली इस्त्रीची साडी, पिशवीत पाण्याची बाटली. वडील सोबत आले होते, पण ते खाली जिन्यापाशीच थांबले. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि सरळ म्हणाली, "ताई, मला एक कौल द्या."

कौल म्हणजे काय हे मला सांगायला नको होतं. आमच्याकडे घरातलं कुठलंही अडलेलं काम गावदेवीपुढे जातं. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवीला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. विहीर कुठे खणायची इथपासून मुलगी कुठे द्यायची इथपर्यंत सगळं असं ठरतं, आणि ठरलं की ठरलं.

"कसला कौल?" मी विचारलं.

तिने सांगितलं ते असं. तिचं सासर अलोऱ्याला. तिथल्या प्रकल्पाच्या वसाहतीला लागून घर, शेजारची बरीच घरं बंद. नवरा एका ठेकेदाराकडे कामाला. दारू नाही, बाई नाही, हात उगारणं नाही. फक्त तो तिच्याशी बोलत नव्हता. लग्नानंतर तीनेक वर्षं बोलला आणि एक दिवस थांबला.

"काय झालं होतं?"

"तेच मला आजून म्हायत नाय. अबोला धरलान तो धरलान. लोकांशी बोलतो. दुकानात बोलतो, फोनवर हसतो. घरात आला की भिंत."

"मग घरातलं काही सांगायचं असलं तर?"

"सासूला सांगायचा. 'तिला सांग पानी तापव,' 'तिला सांग डबा नको.' मी तितंच हुबी. गेल्या वर्षी सासू वारली." तिने पिशवी मांडीवर ओढली. "ती हुती तवर निदान 'तिला सांग' तरी कानावर पडायचं."

शिमग्याला ती माहेरी आली आणि परत गेली नाही. वडिलांनी महिनाभर वाट बघितली आणि देवीला विचारलं, हिला पाठवू का? देवीने उजवा दिला. भाऊ मुंबईहून फोनवर म्हणाला, मारत नाही ना, मग काय? वहिनी तेच म्हणाली, शेजारीण तेच म्हणाली. मारत नाही हे एवढं मोठं सर्टिफिकेट आहे की त्यापुढे बाकीचं काही वाचायची गरज कुणाला वाटत नाही.

"देवीवर माजा राग नाय," ती म्हणाली. "पन तिला सगळं कुटं सांगितलान गुरवानं? 'लेकीला नांदायला पाठवू काय' एवडंच विचारलान. म्हनून मी तुमच्याकडं आलंय. तुमाला सगळं सांगितलं. आता तुमी सांगा. उजवा की डावा?"

मला आतून ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मी शिकलेलं वाक्य म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?"

तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. तिने परत विचारलं. मी परत तेच म्हटलं.

"मला काय वाटायचं?" ती म्हणाली. "माज्या वाटन्यावर काय हालतंय हितं?"

मी गप्प राहिले. चांगली दोन-तीन मिनिटं गप्प राहिले. मग वेळ संपली, आणि पुढच्या आठवड्याचा वार ठरवून ती खाली गेली.

सरांना मी सगळं सांगितलं. कौल म्हटल्यावर त्यांना निवडणुकीचा कौल आठवला, मग पाकळ्यांचं समजावून सांगावं लागलं. ऐकून ते खूश झाले. शांतता छान धरलीस, असं म्हणाले. मी म्हटलं, सर, तिला जाऊ नको म्हणून सांगायला काय हरकत आहे?

"तू सांगितलंस आणि ती राहिली," सर शांतपणे म्हणाले. "उद्या भावाने घराबाहेर काढली तर तू ठेवून घेणार आहेस का?"

सरांचं चुकत नव्हतं, हेच तर वाईट होतं. ते दुष्ट असते, निदान मूर्ख असते, तरी मला बरं वाटलं असतं. त्यांनी सांगितलं, तिच्याबरोबर पर्याय शोध. हा आमच्या शिक्षणातला लाडका शब्द. मी आठवडाभर पर्याय शोधले. शिवणाचा वर्ग, बायकांसाठीचं वसतिगृह, काजूच्या कारखान्यातलं काम, कायद्याचा मोफत सल्ला. सगळं नीट पाठ करून बसले.

ती आली. पर्याय तिचे माझ्याआधीच शोधून झाले होते. काजू सोलून तिचे हात सोलवटले होते, लग्नाआधीच. शिवण येत होतं, पण गावात साडीला फॉल लावण्यापलीकडे काम नव्हतं. भाऊ नालासोपाऱ्याला एका खोलीत चार माणसांत राहत होता. वसतिगृहाचं नाव काढल्यावर ती म्हणाली, "धाकटीचं ठरतंय. पोरगीवाल्यांची एक परत आलेली, नि ती बी वसतिगृहात, म्हटल्यावर कोन करील तिला?" कायद्याचं विचारल्यावर म्हणाली, "कोर्टात काय सांगू? बोलत नाय म्हनून?"

मग माझ्याकडचं सगळं संपलं, आणि मी मला येत होतं ते केलं. शांतता धरली. पंखा फिरत होता. स्टँडवर कुठल्यातरी गाडीची घोषणा होत होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी मान जराशी कलती ठेवून बसले होते. पुष्कळ वेळ गेला. तिची नजर माझ्यावरून सुटली, भिंतीवर गेली, मग मांडीवरच्या हातांवर आली.

"ताई," ती म्हणाली, "तुमी पन बोलत नाय."

तक्रारीचा सूर नव्हता तो. पाऊस लागला, वीज गेली, असं म्हणावं तसं ती म्हणाली. शांतता धरतात आणि अबोलाही धरतातच. मी ज्या गोष्टीत वर्गात पहिली होते ती हिला घरी रोज मिळत होती. मला घाण वाटली. माझी, त्या मऊ ठेवलेल्या चेहऱ्याची, सगळ्याचीच.

"नका जाऊ," मी म्हटलं.

"डावा?"

"हो. डावा."

ती हसली. मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. दात थोडे पुढे होते, आणि फार गोड दिसत होती. "बाबांना सांगते," म्हणाली, आणि पिशवी खुर्चीतच विसरून जिना उतरून गेली.

वडील वर आले. मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेला माणूस, पांढरा शर्ट, बोलणं शांत. मला वाटलं भांडतील. त्यांनी आधी हात जोडले.

"मॅडम, समुपदेशन म्हणजे समजावनं ना? म्हनून आनलं मी हिला. तुमी शिकलेली मानसं, तुमचं ऐकेल. नि तुमी उलटंच सांगितलंव."

मी काहीतरी म्हणाले. तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे, असलं काहीतरी.

"तिचाच हाय. मी बाप हाय तिचा, मला झोप लागत नाय." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण ते ओले होते. "देवीनं उजवा दिलान, तुमी डावा. बरं, तुमचा मानला. मी किती दिवस हाय? मागनं भाऊ नि वहिनी. राहू दे तिला, पन ठेवील कोन? तुमी ठेवाल?"

ती दारात येऊन उभी होती. त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. मला वाटतं तिलाही उत्तर हवं होतं. त्या क्षणी देवीकडे नाही, सरांकडे नाही, फक्त माझ्याकडे ते उत्तर होतं आणि ते एका शब्दाचं होतं. माझ्या घरी दोन खोल्या, नवरा, सासरे, परीक्षा. मी गप्प बसले. या वेळी मी काही धरलं नव्हतं. बोलायला काही नव्हतंच.

ती आत आली, खुर्चीतली पिशवी घेतली. "चला बाबा," म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "ताई, बोललात ते बरं वाटलं." माझीच समजूत घालत होती ती.

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सरांना मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. आपण सगळ्यांना वाचवू शकत नाही, हे स्वीकारणं हाही प्रशिक्षणाचा भाग आहे, असं म्हणाले. मग मी पास झाले, चांगल्या गुणांनी. आत्याने पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं, आता काही विचारायचं असेल तर हिला विचारा, ही काही सांगणार नाही.

गणपती झाल्यावर एका दुपारी मी तिच्या मोबाइलवर फोन केला. शिकाऊ माणसाने असं परस्पर करायचं नसतं, पण आता मी शिकाऊ नव्हते. तिचा आवाज ऐकायचा, एवढंच होतं मनात. फोन पुरुषाने उचलला.

"हां, बोला, कोण बोलतंय?"

इतका छान आवाज मी फार दिवसांत ऐकला नव्हता. मऊ, अदबीचा, घरी आलेल्या पाहुण्याला पाट मांडणाऱ्या माणसाचा. मी म्हटलं, मी तिची रत्नागिरीची मैत्रीण.

"अरे वा! बरं वाटलं. पाऊस काय म्हणतोय तुमच्याकडे? इकडे तर नुसता धरून बसलाय."

"ती आहे का?"

"आहे ना, मागच्या दारी आहे. भांडी घासतेय."

"कशी आहे?"

"मजेत! तिला काय झालंय?"

"जरा फोन देता तिला?"

तो थांबला. अगदी क्षणभर. मग पुन्हा त्याच गोड आवाजात म्हणाला, "हात ओले असतील हो तिचे. निरोप असेल तर द्या ना."

काय निरोप देणार? मी म्हटलं, आठवण काढली होती, एवढंच सांगा.

"हो हो, सांगतो की. आत्ता सांगतो. आणि या एकदा आमच्याकडे, चहा घ्यायला."

फोन बंद करायचा तो विसरला असावा, किंवा बटण नीट लागलं नसेल. मी कानाला लावून ठेवला. पावसाचा आवाज येत होता, भांड्यांचा येत होता. त्याची पावलं मागच्या दारापर्यंत गेली, तिथे जरा थांबली आणि परत आली. कुणीही काही बोललं नाही.