डावी बाजू श्रीधरकाकांची

गाडीखाली शिरण्याआधी श्रीधरकाका चपला काढून ठेवत. पार्किंगच्या फरशीवर, एकमेकींना लागून, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा. त्या दिसल्या की कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना कळे, काका आत आहेत आणि लवकर काही वर येणार नाहीत. येणारे-जाणारे मग त्या चपलांशीच बोलत.

"काय काका, झालं का?"

गाडीखालून आवाज येई, "होतंय."

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पिंपरीकडच्या एका इंजिनाच्या कारखान्यात काढली. लाईनवरून इंजिन सरकत येई, उलटं, पोट वर करून. त्या पोटावर तेल साठवणारं पत्र्याचं भांडं बसवायचं. त्याला चेंबर म्हणत. चेंबर आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाची पातळ पट्टी घालायची, म्हणजे तेल झिरपत नाही. ते पॅकिंग. मग कडेकडेनं बोल्ट आवळायचे. डावीकडचे बोल्ट श्रीधरकाकांनी आणि उजवीकडचे समोर उभ्या असलेल्या सीतारामने. इंजिन पुढे जाई, दुसरं येई. कारखान्यात काय करता, असं कुणी विचारलं तर काका सांगत, "डावी बाजू." ऐकणारा जरा गोंधळे. काकांना मात्र त्यात सांगायचं काही शिल्लक राहिलंय असं वाटत नसे.

पुढे कारखान्यात परदेशी भागीदार आला, नवी यंत्रं आली आणि एका सकाळी स्वेच्छानिवृत्तीची योजना जाहीर झाली. सीतारामने सही करू नकोस म्हणून परोपरीने सांगितलं. काकांची मुलगी राजनंदिनी तेव्हा इंजिनिअरिंगला होती. काकांनी सही केली. शेवटच्या दिवशी सीताराम गेटपर्यंत आला आणि एवढंच म्हणाला, "जा. आता माझ्यासमोर कोन हुबा ऱ्हातोय ते बघतो." त्यानंतर दोघांचं बोलणं राहिलं नाही. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. फोन कुणी करायचा, हे ठरलं नव्हतं.

आलेल्या पैशांतून सत्यशीलाकाकूंना स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा मिळाला आणि काकांनी एक पांढरी, छोटी, जुनी गाडी घेतली. घेताना त्यांनी रंग पाहिला नाही, टायर पाहिले नाहीत. बॉनेट उचललं, इंजिनावरचा नंबर वाचला आणि म्हणाले, "आमच्याकडचं आहे."

"म्हणजे माहेरचं माणूस," काकू म्हणाल्या. "मग प्रश्नच मिटला."

ते इंजिन काकांच्याच हाताखालून गेलं होतं की दुसऱ्या पाळीच्या, हे कळायला काही मार्ग नव्हता. काकांनी तसा दावाही कधी केला नाही. पण गाडी पुसताना ते डावीकडून सुरुवात करत.

राजनंदिनीला हिंजवडीत नोकरी लागली त्या वर्षी गाडी गळायला लागली. आधी एखादा थेंब, मग बशीएवढा डाग. सोसायटीने पार्किंगमध्ये नुकत्याच नव्या फरशा बसवल्या होत्या. सेक्रेटरी बद्रीनाथ देव यांनी जिन्यापाशी नोटीस लावली: 'पार्किंगची जागा वाहनासाठी दिलेली आहे, तेलाच्या घाण्यासाठी नव्हे. संबंधित कोण, हे संबंधितांना माहीत आहे.'

राजनंदिनी सकाळी कंपनीची बस पकडायला निघे ती दिवेलागणी उलटून गेल्यावर परते. त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, जुनी द्या नवी घ्या अशी ऑफर आहे. शोरूमचा माणूस सारखा फोन करतोय. काढून टाकू या ना."

"चेंबरचं पॅकिंग गेलंय. बदललं की झालं."

"गॅरेजमध्ये द्याल?"

"चेंबर?" काकांनी घास खाली ठेवला. "चेंबर मी गॅरेजमध्ये देऊ?"

"बरं, तुम्ही करा. पण पुढच्या सोमवारी सकाळी एक थेंब जरी दिसला ना, तर मी त्याला हो सांगणार. चालेल?"

"सांग की," काका म्हणाले. मात्र नंतर त्यांनी ताक घेतलं नाही, आणि ताकाशिवाय ते पानावरून उठत नसत.

दुसऱ्या दिवशी चपला निघाल्या. गाडी नीट स्टँडवर चढवून काका खाली गेले आणि बराच वेळ काहीच हालचाल झाली नाही. नंतर कळलं, ते नुसतं बघत होते. आयुष्यभर चेंबर त्यांनी वरून पाहिला होता, नवाकोरा, हाताशी सरकत आलेला. आता तो छातीवर लोंबत होता, काळा, चिकट, आणि त्याचा एक थेंब चष्म्यावर पडला होता. त्यांनी तेल काढून घेतलं, बोल्ट सोडवले. चेंबर निघेना, तेव्हा लाकडाचा तुकडा लावून हलक्या हाताने ठोकला. बुचाच्या जुन्या पट्टीचे तुकडे खरवडून काढले, जागा रॉकेलने पुसली, नवं पॅकिंग लावलं आणि बोल्ट आवळले. आधी डावीकडचे सगळे, मग उजवीकडचे. नवं तेल भरलं. गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं.

सकाळी वर्तमानपत्रावर उजव्या बाजूला डाग होता.

काकांनी तो कागद घडी घालून बगलेत धरला आणि वर आले. काकूंनी चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "रद्दी बरीच साठलीये. हवी तेवढी न्या."

काकांनी आणखी एक पॅकिंग आणलं, सगळं पुन्हा उघडलं, पुन्हा आवळलं, या वेळी जरा जोर लावून. डाग पुन्हा पडला. पुन्हा उजवीकडेच, आणि आधीपेक्षा मोठा. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने यातली चूक उभ्या उभ्या सांगितली असती. पण त्याच्याकडे गेले असते तर ते श्रीधरकाका कसले.

शनिवारी दुपारी ते जिन्याच्या पायरीवर बसले होते. हात तेलाने काळे, म्हणून गुडघ्यांवर उताणे ठेवलेले. काकू खाली आल्या.

"डावीकडे थेंब नाही," काका म्हणाले.

"मग?"

"उजवी सीतारामची होती."

काकू वर गेल्या आणि त्यांनी स्वतःच सीतारामला फोन फिरवला. "भाऊजी, तुमची बाजू गळतेय," एवढंच बोलल्या म्हणे. पलीकडून हसू आलं.

सीताराम रविवारी सकाळी आला. कारखाना पुढे त्यानेही सोडला होता. खराडीच्या त्याच्या शेतात आता काचेची उंच इमारत होती, आणि उरल्या जागेत आयटीतल्या मुलांसाठी भाड्याच्या खोल्या. तो मोठ्या, चकचकीत गाडीतून उतरला. काकांनी त्या गाडीकडे पाहिलं.

"हिचा चेंबर कधी पाहिलास?"

"बॉनेट पन उघडलं न्हाय अजून. कंपनीचा मानूस येतो आन् घिऊन जातो." सीतारामने शर्ट काढून जिन्याच्या कठड्यावर टाकला. बनियनवर तो अगदी पूर्वीसारखा दिसत असावा, कारण काका एकदम हसले.

चेंबर खाली उतरवला. सीतारामने तो उजेडात धरला, एक डोळा मिटला आणि उजव्या कडेवरून नजर फिरवली.

"श्रीध्या, तू आधी डावी आवळून मोकळा झालास ना?"

"सवयीने."

"आन् मग उजवीला मी कुटं व्हतो?"

लाईनवर दोन्ही बाजू एकदमच आवळल्या जात, म्हणून चेंबर सपाट बसे. एकट्याने एक बाजू आधी पक्की केली की तो तिकडे कलतो. मग दुसरी बाजू जोर करून ओढली की कड वाकते आणि पॅकिंग दबून बाहेर येतं. इतकी वर्षं ते काम काकांनी केलं होतं, पण एकट्याने एकदाही केलं नव्हतं.

वाकलेली कड सरळ करायला एकदम सपाट जागा हवी होती. दोघे चेंबर घेऊन वर आले आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकले.

"नाही," काकू म्हणाल्या.

"वैनी, आख्ख्या बिल्डिंगीत यवढी सपाट जागा न्हाय."

"पोळ्या लाटते मी तिथं."

"साबणाने धुतलाय दोनदा," काका म्हणाले.

"इतक्या वर्षांत एक पातेलं कधी धुतलं नाहीत." काकूंनी कणकेची परात उचलून बाजूला ठेवली. "जाड चादर घाला खाली. माझ्या ग्रॅनाइटला चरा पडला तर दोघांनाही गॅलरीत जेवायला वाढीन."

चादरीवर ठेवून त्यांनी कड हळूहळू ठोकून सरळ केली, मग चादर काढून चेंबर नुसत्या दगडावर टेकवून पाहिला. खालून उजेडाची रेघ दिसते का, हे बघायला काकूही वाकल्या. "इथं," त्यांनी बोट ठेवलं. तिथे पुन्हा ठोकलं. मग रेघ नाहीशी झाली.

गाडीपाशी आता चपलांचे दोन जोड होते. दोघे दोन बाजूंनी खाली शिरले. पॅकिंग बसवलं आणि बोल्ट आधी नुसत्या बोटांनी लावले. मग काही बोलणं ऐकू आलं नाही. फक्त पान्याचा एक टक् आवाज येई, लगेच पलीकडून दुसरा. लाईनवर यंत्रांच्या गोंगाटात शब्द ऐकू जात नसत, तेव्हाची ती पद्धत. एकाचा बोल्ट टेकला की तो ठोका देई, मग दुसरा फिरवे. मधल्या बोल्टपासून कडेपर्यंत, थोडं इकडे, थोडं तिकडे. बद्रीनाथ देव पिशवी घेऊन बाहेर निघाले होते, ते थांबून ऐकत राहिले. "आता घाण्याला दोन बैल," असं म्हणून ते गेले. पण थांबले होते, हे खरं.

पॅकिंगला लावलेला चिकटवायचा मसाला वाळेपर्यंत तेल भरायचं नव्हतं. दोघे जेवले, गॅलरीत नव्हे, आतच, आणि दिवाणावर व जमिनीवर आडवे झाले. संध्याकाळी तेल भरून, गाडीखाली नवं वर्तमानपत्र पसरून झाल्यावर सीताराम निघाला. त्याची गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत काका उभे होते.

सोमवारी सकाळी राजनंदिनी बॅग खांद्याला लावून खाली आली, तेव्हा काका आधीच तिथे होते, जिन्याला पाठ टेकून. त्यांनी गाडीखाली पाहिलेलं नव्हतं. तिने मोबाइलचा उजेड पाडला, गुडघ्यांवर बसून कागद बाहेर ओढला, दोन्ही बाजूंनी बघितला.

"बाबा, तुम्ही पाहिलंत?"

"तूच बघ. तुझी अट आहे."

तिने कागद त्यांच्या हातात दिला आणि तिथेच उभी राहून शोरूमच्या माणसाला फोन लावला. इतक्या सकाळी तो उचलणार नव्हता. तिने निरोप ठेवला, "नको. गाडी आम्ही ठेवतोय." मग बससाठी धावत गेली.

दुपारी घरचा फोन वाजला. काकांनी उचलला.

"उजवी कशी हाय?"

"कोरडी."

"आन् डावी?"

"ती कधी गळत होती?"

"मंग आता माझं काय काम न्हाय म्हन," सीताराम म्हणाला.

काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. त्यांनी विचारायच्या आधीच काकूंनी होकाराची मान हलवली.

"रविवारी तुझी गाडी घेऊन ये," काका म्हणाले. "बॉनेट उघडून तर बघू. आणि जेवायलाच ये."